पाऊस लागण्याआधी परसातल्या कोंबड्यांसाठी काय काय करावे? (गोवा)

कुळागरवाली, सत्तरी

मृग जवळ आला की आमच्या वाळपईच्या भागात दरवर्षी तेच ऐकू येते: अमक्याच्या कोंबड्या गेल्या. चार दिवसांनी शेजारच्या घरच्या जातात, मग पलीकडच्या, आणि बघता बघता अख्ख्या वाड्यावर पहाटे आरवायला कोंबडा राहत नाही. कोणी म्हणते हवा बदलली, कोणी म्हणते नजर लागली. यातली बहुतेक मरणे टाळता येतात आणि त्याला फार पैसाही लागत नाही, हे मी आमच्याच वाड्यावर पाहिले आहे. म्हणून हा धागा काढते आहे. आपल्याकडे कोणी पाच कोंबड्या ठेवतो, कोणी तीस. मोठ्या फार्मसाठी लिहिलेली पुस्तके आपल्या उपयोगाची नसतात आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बहुतेक कोरड्या मुलखातले. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात कोंबडी कशी सांभाळायची ते आपणच एकमेकांना सांगायला हवे.

आधी खुराडे. आपल्याकडे कोंबडी थंडीने मरत नाही, ओलीने मरते. जमिनीवर टेकलेले खुराडे जूनच्या अखेरीपर्यंत खालून ओल धरते, त्यात विष्ठा मिसळते आणि तिथून रक्ती हगवण, जंत, पायाच्या जखमा सगळे सुरू होते. चिऱ्याचे खांब घालून खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उचलून घ्या. तळाला पोफळीच्या चिपा थोडी फट ठेवून ठोकल्या की विष्ठा खाली पडते आणि वरचा भाग कोरडा राहतो. छपराची पाखे चांगली हातभर बाहेर काढा, कारण आपला पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो. त्या बाजूला ताडपत्री लावायची, पण चारही बाजूंनी गुंडाळायचे नाही. बंद खुराड्यात विष्ठेचा उग्र वायू कोंडतो, डोळ्यांतून पाणी येते आणि कोंबड्या घरघरायला लागतात. सकाळी दार उघडल्यावर तुमच्या नाकाला झोंबले तर रात्रभर त्यांनी तेच ओढले असे समजा.

रात्रीपुरते ठेवायचे असेल तर कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट जागा पुरते. दिवसभर त्या परसातच असतात. बसायला आडवी काठी हवीच, आणि ती गोल गुळगुळीत पाइपची नको, लाकडाची हवी.

पिल्लांचे खुराडे जमिनीवरच असेल तर भाताचे तूस दोन इंच पसरा, रोज काठीने खालीवर करा, भिजलेला भाग लगेच काढून टाका. काढलेली विष्ठा ताजी ताजी माडाच्या मुळाशी ओतू नका, मुळे करपतात. पाल्यापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू द्या.

आता विनंती. राणीखेत, म्हणजे कोंबड्यांची मानमोडी, या रोगाची लस स्वस्त आहे, पण एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात. पाण्यात कालवली की तास-दोन तासांत वापरावी लागते. ज्याच्याकडे आठ कोंबड्या आहेत तो म्हणतो, शंभराची बाटली फोडून काय करू? म्हणून कोणीच फोडत नाही. आमच्या वाड्यावर आता एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस देतात. ज्या घरी फ्रीज आहे तिथे बाटली राहते. तुमच्या गावात असे करता येईल का, हे पावसाआधी बघा. कोंबडी दिवसभर चार घरच्या परसात चरते. एकट्याने लस देऊन तुमची कोंबडी कदाचित वाचेल, पण रोग वाड्यातच राहील.

मास्तर, पेडणे

चांगला विषय काढलात, बाय. खुराड्याबद्दल सहमत. एक वेगळा अनुभव मांडतो. आमच्या जुन्या गावठी कोंबड्या खुराड्यात जातच नाहीत, आंब्यावर चढून झोपतात. माझ्या वडिलांच्या काळीही तसेच. पाऊस कोसळला तरी पानांच्या दाट भागात बसतात आणि सकाळी अंग झाडून खाली येतात. या कोंबड्या खुराड्यातल्यांपेक्षा निरोगी दिसतात. तेव्हा कोंडलेच पाहिजे असे मला वाटत नाही.

दुसरे, आपल्याकडे जातीवर भांडणे फार होतात. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, कारण दर खेपेला ती खुडूक होते आणि पिल्ले वाढवण्यात तिचे महिने जातात. ग्रामप्रिया, वनराजा, श्रीनिधी या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या जाती. ग्रामप्रिया अंड्यांसाठी, बरी निगा असेल तर परसातही दीडशेच्या वर जाते. वनराजा अंगाने भरते, अंडी तिच्याहून कमी. या कोंबड्या रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत हे लक्षात ठेवा. आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिढी आईसारखी होईल याचीही खात्री नसते. दर वेळी पिल्ले नवी आणावी लागतात.

कुळागरवाली, सत्तरी

मास्तर, झाडावरच्या कोंबड्यांना हवा मोकळी मिळते आणि विष्ठेशी संबंध येत नाही, म्हणून त्या निरोगी दिसतात. ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे रान लागून आहे. उदमांजर झाडावरून कोंबडी उचलते, आणि सकाळी फक्त पिसे दिसतात. गावाच्या मधोमध घर असेल तर तुमची पद्धत चालेल. रानाकडेच्या घरांनी कोंडावे.

माडाखाली, मोरजी

आमच्याकडे समुद्र जवळ, त्यामुळे कोंबड्यांना नुस्त्याची, म्हणजे मासळीची, डोकी, आतडी भरपूर मिळतात. तारल्यांच्या मोसमात तर बादलीभर. दोन गोष्टी सांगते. कच्चे टाकू नका, उकडून द्या आणि त्यांच्या एकूण खाण्याचा थोडा भागच असू दे. जास्त दिले तर अंड्याला नुस्त्याचा वास येतो, खास करून तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्यांच्या. आणि सुक्या मासळीचे खारट तुकडे अजिबात नकोत. कोंबडीला मीठ सोसत नाही. खूप पाणी पिते, पातळ शी करते, पाय लुळे पडतात, पिल्ले तर पटकन मरतात. माशांसाठी वापरलेले खारे पाणी परसात ओततो तिथेही त्यांना जाऊ देऊ नका.

तिसऱ्यांच्या शिंपल्या मात्र फेकू नका. धुऊन, कडक उन्हात वाळवून किंवा चुलीत भाजून जाडसर कुटायच्या आणि वेगळ्या वाडग्यात ठेवायच्या. अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी लागणारा चुना त्यातून मिळतो. तिला पाहिजे तेवढे ती स्वतः टिपते. पिल्लांच्या खाण्यात हे मिसळू नये. वाढत्या वयात जास्त चुना गेला तर त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

नवे_परस, पर्वरी

मी नुकत्याच सहा ग्रामप्रिया ठेवल्या आहेत. घराला छोटे कंपाउंड आहे. एप्रिलपासून अंड्याची कवचे इतकी पातळ येतात की उचलताना फुटतात. खाद्य लेअरचेच, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचेच, देतो. शिंपल्या देऊन बघतो, पण आणखी काही कारण असेल का? आणि शेजारी नवीन राहायला आलेले आहेत, त्यांना पहाटेच्या आरवण्याचा त्रास होतो. काय करावे?

पशुवैद्य_फोंडा

मी निवृत्त पशुवैद्य आहे. पर्वरीच्या भावाचा प्रश्न आधी घेतो. उन्हाळ्यात कवच पातळ होण्याचे एक कारण उष्णता हेच. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. सतत धाप लागली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनायला लागणारे कार्बोनेट अपुरे पडते. शिवाय गरमीत ती खाते कमी, त्यामुळे चुनाही कमी जातो. आपल्या किनाऱ्यावर हवा दमट असल्याने धाप टाकूनही अंग नीट थंड होत नाही, म्हणून पस्तीस अंशांतही त्यांचे हाल होतात. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या. दुपारी सावली आणि गार पाणी द्या, पाण्याचे भांडे दोन-तीन वेळा बदला. छपरावर माडाची झावळी टाका.

आरवण्याचे म्हणाल तर अंडी मिळायला कोंबडा लागतच नाही. पिल्ले काढायची नसतील तर कोंबडा ठेवू नका, शेजारी समाधानी राहतील.

आता लसीबद्दल. कुळागरवाली ताईंनी जे सांगितले ते माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी लोकांना पटवत आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

राणीखेत, म्हणजे मानमोडी, हा विषाणूचा रोग. जगात त्याची नोंद १९२६ पासून आहे आणि त्यानंतर लवकरच आपल्या देशात कुमाऊँमधल्या राणीखेत इथे तो ओळखला गेला. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडून घरघर, मग मान वाकडी होणे, पाय-पंख लुळे पडणे. लस नसलेल्या कळपात जवळजवळ सगळ्या कोंबड्या जाऊ शकतात. यावर औषध नाही. अँटिबायोटिक दिल्याने विषाणू मरत नाही. लस हाच उपाय.

परसासाठी साधारण क्रम असा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ या राणीखेतच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. आठ ते दहा आठवड्यांच्या झाल्या की आर-टू-बी ही राणीखेतचीच जोरदार लस सुईने, कातडीखाली. ती लहान पिल्लांना कधीही देऊ नये, झेपत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देवीची लस पंखाच्या पडद्यात टोचतात. मोठ्या कोंबड्यांना अधूनमधून लासोटा देत राहणे चांगले. नेमके वेळापत्रक तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लस फसते ती बहुतेक वेळा वाहतुकीत आणि पाण्यात. बाटली दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. म्हापशाहून स्कूटरच्या डिकीतून उन्हात आणली तर ती लस मेलेलीच. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, कालवल्यावरही भांडे बर्फात ठेवा. पाण्यातून देणार असाल तर नळाचे पाणी नको, त्यात क्लोरीन असतो आणि तो लसीचा विषाणू मारतो. विहिरीचे स्वच्छ पाणी घ्या, त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर घाला, आणि त्याआधी एक-दोन तास कोंबड्यांना पाणी देऊ नका म्हणजे सगळ्या पितात. परसातल्या थोड्या कोंबड्यांना थेंबाची पद्धतच खात्रीची.

लस निरोगी कोंबड्यांनाच द्यायची. वाड्यात रोग आधीच शिरला असेल तर लस टोचत फिरणारा माणूसच घरोघर रोग पोहोचवतो, हे ध्यानात घ्या. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, मधे डोळ्याला हात लावू नका, या विषाणूने माणसाचेही डोळे लाल होतात. उरलेली लस आणि रिकामी बाटली उकळून मगच टाका.

आजीची_टोपली, डिचोली

डॉक्टरांनी फारच उपयोगाचे लिहिले. मी रवणीबद्दल लिहिते, कारण संकरित कोंबड्या आणणाऱ्यांनाही गावठी कोंबडीच आई म्हणून लागते.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. थंड जागी, टोक खाली करून ठेवावीत. धुऊ नयेत. अंड्यावर जन्मतः एक पातळ थर असतो तो धुतल्याने जातो आणि जंतू आत शिरतात. तडकलेली, फार लांबट, अगदी गोल अंडी काढून टाका. कोंबडी खुडूक झाली की लगेच अंडी देऊ नका, दोन दिवस ती टोपलीत ठाम बसते का बघा. मग संध्याकाळी, अंधार पडल्यावर अंडी तिच्या पोटाखाली सरकवा. दहा-बारा पुरे. उन्हाळ्यात थोडी कमी घातली तरी चालतात.

टोपलीत आधी राख, त्यावर कोरडे गवत. राखेने उवा दूर राहतात. उवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी सोडून उठते आणि मग सगळी रवण वाया जाते. जुन्या बायका टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवतात, ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. मीही ठेवते. सातव्या दिवशी रात्री अंड्याखाली टॉर्च धरून बघा: आत लाल शिरांची जाळी दिसली तर पिल्लू आहे, स्वच्छ दिसले तर काढून घ्या. एकविसाव्या दिवशी पिल्ले येतात. कवच फोडायला मदत करू नका, रक्तवाहिन्या अजून आत ओढल्या जात असतात आणि घाईने पिल्लू रक्ताळते.

कोंबडी रोज एकदा उठून दाणापाणी करते, तेव्हा तिला हुसकू नका. उठतच नसेल तर मात्र हाताने उचलून बाहेर ठेवा, नाहीतर उपाशी वाळते.

आईविना पिल्ले वाढवायची असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीशी पस्तीस अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली की थंडी वाजते, लांब कोपऱ्यात धापा टाकत असली की गरम होते, पसरून खेळत असली की बरोबर. आपल्याकडे पावसात वीज जाते, म्हणून काचेच्या बाटल्यांत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळून तयार ठेवा. पाण्याच्या वाटीत खडे घाला, नाहीतर पिल्ले बुडतात.

रानवाट, धारबांदोडा

सापांबद्दल कोणीच लिहिले नाही. साप कोंबडीसाठी येतो त्याहून जास्त उंदरांसाठी येतो, आणि उंदीर सांडलेल्या दाण्यासाठी. संध्याकाळी उरलेले खाद्य उचला, पोती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. उंदीर पिल्ले कुरतडतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो, म्हणून पावसात खुराडे अनवाणी साफ करू नका.

जाळी घेताना बाजारात मिळणारी षट्कोनी पातळ कोंबडी-जाळी घेऊ नका. मुंगूस ती ओढून फाडतो आणि बारके साप आरपार जातात. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी महाग पडते पण एकदाच लागते. खुराड्याच्या कडेने ती जमिनीत वीतभर पुरा, खालून उकरून येणाऱ्यांसाठी.

खुराड्यात अजगर सापडला तर मारू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पहिल्या अनुसूचीत आहे. घोरपडही तशीच. वनखात्याला कळवा. कोंबडी गिळलेला अजगर जडावतो आणि तिथेच पडून राहतो, तोवर माणसे येतात.

कुर्टीची_सुमन, फोंडा

मदत हवी आहे. दीड महिन्याची पिल्ले आहेत, तीन दिवस झाले पंख पाडून, डोळे मिटून उभी राहतात. विष्ठेत रक्त आहे. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकची पूड दिली आहे. देऊ का?

पशुवैद्य_फोंडा

सुमनताई, ही लक्षणे कोक्सिडिओसिसची वाटतात, आपण त्याला रक्ती हगवण म्हणतो. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत आणि ओल्या तुसावर हमखास होते. जीवाणू नसून आतड्यातला परजीवी आहे, त्यामुळे त्या पुडीचा उपयोग नाही. याला अँप्रोलियमसारखे औषध पाण्यातून देतात. आजच दवाखान्यात विष्ठेचा नमुना घेऊन जा आणि मात्रा तिथूनच लिहून घ्या. तोपर्यंत ओले तूस सगळे काढा, कोरडे घाला, आजारी पिल्ले वेगळी करा, पाण्याचे भांडे उंचावर ठेवा म्हणजे त्यात विष्ठा पडणार नाही. पिल्लांसाठीच्या पॅकबंद स्टार्टर खाद्यात बरेचदा या रोगाला रोखणारे औषध मिसळलेले असते. घरचा तांदूळ खाणाऱ्या पिल्लांना ते संरक्षण नसते.

सगळ्यांनाच सांगतो, मनाने अँटिबायोटिक देऊ नका. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून ठरावीक दिवस ती अंडी खायची नसतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या आधाराचे औषध, ते खाण्याच्या जनावरांत वापरायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. घरात असेल तर टाकून द्या.

माडाखाली, मोरजी

डॉक्टर, खोबऱ्याची पेंड दिली तर चालते का? आमच्याकडे घाण्यावरून स्वस्त मिळते.

पशुवैद्य_फोंडा

चालते, पण कोरडी आणि ताजी हवी. पावसात पेंडीला, मक्याला, शेंगदाण्याच्या चुऱ्याला बुरशी येते आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृत नासवते. उन्हात वाळवून किंवा भाजून ते विष जात नाही. कुबट वास आला की माया न करता फेकून द्यावे. पावसाळ्यात दोन आठवड्यांपुरतेच खाद्य आणा.

कुळागरवाली, सत्तरी

खाद्य महागले म्हणून एक जुनी युक्ती सांगते. मातीच्या मडक्यात ओले गवत, थोडे शेण भरून ते उपडे करून वाळवी असलेल्या जागी रात्रभर ठेवायचे. सकाळी मडके वाळवीने भरलेले असते. पिल्लांना यासारखे दुसरे पोषण नाही. वारूळ मात्र कोणी फोडू नये. ती आपली सातेरी, वारुळाच्या रूपात पुजली जाणारी देवी, तिची जागा तिलाच राहू दे. मडके ठेवायला बांधाच्या कडा पुष्कळ आहेत.

मशिंगाचा (शेवग्याचा) पाला आणि अझोला ही पाण्यावर वाढणारी वनस्पती हेही चांगले. हिरवा पाला खाल्ला की बलक केशरी होतो. बाजारात तपकिरी कवच बघून गावठी समजून जास्त पैसे देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो. बेळगावहून येणाऱ्या गाडीतही तपकिरी अंडी असतात.

मास्तर, पेडणे

हिशेबाचे बोलू या. अंड्यांचा भाव सगळेच बघतात, पण माझ्या मते परसातली खरी कमाई गावठी कोंबड्याची आहे. शिगम्याला, देवाच्या राखणीला, पाहुण्यांच्या शागोतीला गावठीच लागतो. श्रावणात मागणी पडते, चवथीनंतर पुन्हा चढते. आपली पिल्ले त्या हिशेबाने निघतील अशी रवण बसवावी. कोंबडा विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात.

कडकनाथबद्दल लोक विचारतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून भाव फुगवून पिल्ले विकणारे वाढले. अंडी कमी, रवणीला बसण्यात कच्ची. गिऱ्हाईक आधी पक्के असेल तरच घ्यावी.

नवे_परस, पर्वरी

डॉक्टर, बर्ड फ्लूची भीती किती बाळगावी? घरात लहान मूल आहे.

पशुवैद्य_फोंडा

भीती नको, खबरदारी हवी. भारतात तो पहिल्यांदा २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला सापडला आणि तेव्हापासून वेगवेगळ्या राज्यांत अधूनमधून येतो. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तुरा आणि गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळसर पडले, डोके सुजले तर राणीखेत की बर्ड फ्लू हे घरी ठरवता येत नाही. मेलेल्या कोंबड्यांना हात लावू नका, कापून बघू नका, पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात कळवा. नीट शिजलेल्या मांसात-अंड्यात, म्हणजे आतपर्यंत ७० अंश तापल्यावर, विषाणू टिकत नाही. कच्चे-अर्धे उकडलेले अंडे त्या काळात मुलाला देऊ नका. रानबदके, पाणपक्षी खाली उतरतात त्या तळ्याचे पाणी कोंबड्यांना पाजू नका.

आणि एक कळकळीची विनंती. वाड्यात मर लागली की लोक उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेऊन विकतात. नुकसान वाचवायची धडपड मी समजतो. पण शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारातून त्या पिशवीबरोबर रोग दहा गावांना जातो. त्या दिवसांत विकू नका, विकत घेऊ नका, दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊ नका. मेलेली कोंबडी ओहळात किंवा रानात फेकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

कुर्टीची_सुमन, फोंडा

अँप्रोलियम चालू केले. तूस बदलले. आज रक्त कमी आहे, दोन पिल्ले खायला लागली. डॉक्टरांचे मनापासून आभार. बाजारातून नवी कोंबडी आणली तर लगेच सोडावी का, तेही कोणी सांगा.

आजीची_टोपली, डिचोली

नाही गे बाय, लगेच सोडू नको. दोन-तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला डालग्याखाली वेगळी ठेव. तिचे दाणे-पाणी वेगळे, आणि आपल्या कोंबड्यांचे काम आधी करून मग तिच्याकडे जायचे. पंखांखाली, शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का बघ. रात्री टॉर्च घेऊन काठीच्या फटीही बघ, तांबडे पिसू दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. परसात कोरडी माती आणि चुलीची राख छपराखाली ठेवली की पावसातही त्या धूळ-अंघोळ करू शकतात. त्याने निम्मा त्रास कमी होतो.

कुळागरवाली, सत्तरी

आमच्या वाड्याची लसीची सकाळ मेच्या शेवटच्या रविवारी ठरली आहे. आमच्या सत्तरीतले ठाणे आणि जवळच्या गावांतल्या ज्यांना यायचे आहे त्यांनी कोंबड्यांचा आकडा इथे लिहा, म्हणजे किती बाटल्या लागतील ते कळेल. त्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध डॉक्टरांना विचारून देऊन घ्या. कोंबड्या रात्रीच कोंडून ठेवा, सकाळी सोडल्या की धरता येत नाहीत. आजारी दिसणारी कोंबडी आणू नका, तिचे वेगळे बघू. दोन थर्मास आहेत, तिसरा हवा आहे.

मास्तर, पेडणे

आमच्या वाड्यावर चौदा घरे तयार झाली. फ्रीज आमच्याच घरी आहे. डॉक्टर, थेंब द्यायला शिकवायला कोणी येऊ शकेल का?

पशुवैद्य_फोंडा

मी येईन. डोळा नीट उघडा धरून थेंब टाकायचा आणि कोंबडीने डोळा मिचकावेपर्यंत सोडायची नाही, एवढेच शिकायचे आहे. गावातली दोन-तीन तरुण मुले त्या सकाळी हाताशी ठेवा, पुढच्या वेळी ती स्वतः करतील.